चिमूट

मोजमापाची भांडी आमच्या स्वयंपाकघरात कधी नव्हती. मीठ चिमटीनं पडायचं, हळद चिमटीनं, हिंग नखावर राहील एवढा. देवघरात राजूरच्या गणपतीचा अंगारा असायचा, तोही चिमटीनंच कपाळाला लागायचा. रांगोळीची रेघ त्याच दोन बोटांतून सुटायची, दृष्ट काढायच्या मीठमोहऱ्याही त्याच दोन बोटांत. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये जे मावेल त्यात आईचं सगळं माप बसायचं. त्याच दोन बोटांत एका लेकराचा जीव धरून बसता येतो, हे मात्र मी पाहिलं ते धाकट्या बहिणीच्या घरी, अंबड तालुक्यात, मोसंबीच्या बागेला लागून असलेल्या एका ढाळजेत.

बहीण तिथं दिलेली. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस तिच्याकडे गेले होते. जालन्याचा वैशाख ज्यानं काढला आहे त्याला त्याचा कोरडेपणा सांगावा लागत नाही. पारा बेचाळीसच्या घरात, वारा लोखंडाच्या भट्टीवरून आल्यासारखा. ओठ फुटतात, टाचा फुटतात, शेताला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. नाकाच्या आतली कातडीही सुकते, तिच्यावर खपली धरते, आणि लेकरांचं बोट त्या खपलीला लागल्याशिवाय राहत नाही. भाचा तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. सर्दी नुकतीच सरली होती. दुपारी बाजेवर झोपला, आणि उठून बसला तेव्हा उशीवर रुपयाएवढा लाल डाग होता.

“घोळणा फुटला गं,” त्याची आजी, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, म्हणाल्या. दूध उतू गेलं म्हणावं तितक्याच सहज.

त्या सहजपणात त्यांची काही चूक नव्हती. आमच्याकडे उन्हाळ्यात घराआड एका लेकराचा घोळणा फुटतो. आणि फुटणं हे क्रियापदही आपल्या भाषेत किती मायेचं आहे. झाडाला पालवी फुटते, आईला पान्हा फुटतो, मुलाला कंठ फुटतो, पहाटे तांबडं फुटतं. आत दाटलेलं काही वाट काढून बाहेर आलं की आपण त्याला फुटणं म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते चांगलंच असतं. घोळण्यालाही आपण त्याच पंगतीत बसवलं. उष्णता बाहेर पडली, बरं झालं, असं म्हणणारी माणसं मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

आजींनी बुक्कीनं कांदा फोडला आणि हुंगायला दिला. बहिणीनं त्याचं डोकं मागं करून मांडीवर घेतलं. मी टाळूवर गार पाणी थापलं. कुणी दूर्वा आणायला पळालं, कुणी कापसाचा बोळा वळला. घरातलं प्रत्येक माणूस काहीतरी करत होतं, आणि प्रत्येकाच्या करण्यात जीव होता. अर्ध्या तासानं रक्त थांबलंसं वाटलं. लेकरू मोसंबीची फोड चोखत अंगणात गेलं.

संध्याकाळी बोळा काढला. त्याच्यासोबत काळपट, लिबलिबीत, गोगलगाईसारखी एक गाठ बाहेर आली आणि तिच्यामागून पुन्हा तीच बारीक लाल रेघ. धार नव्हती, रेघच. पण ती संपेना. पुसली की पुन्हा येई. रात्री तीनदा असं झालं. मध्यरात्रीनंतर त्यानं उलटी केली, आणि कंदिलासारख्या त्या मिणमिणत्या बल्बच्या उजेडात आम्ही पाहिलं, ती चहाच्या चोथ्यासारखी काळी होती. घर ओरडलं. पोटात काहीतरी फुटलं असं सगळ्यांनाच वाटलं. ते पोटातलं नव्हतंच. आम्ही दिवसभर प्रेमानं डोकं मागं धरून ठेवलं होतं, आणि नाकातलं रक्त दिवसभर मुकाट्यानं घशातून पोटात उतरत होतं. हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं.

पहाटे शेजाऱ्यांच्या जीपमधून निघालो. वाटेत एका दवाखान्यात ताप आहे म्हणून मांडीवर सुई टोचली गेली. जालन्यातून पुढे संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, पोचेपर्यंत ती मांडी जांभळासारखी निळी होऊन टणक झाली होती. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी नाकाआधी ती मांडी पाहिली. गुडघ्यांवरचे जुने डाग पाहिले. मग बहिणीकडे वळून त्यांनी विचारलं, “तुमच्या आईच्या बाजूला कुणी मुलगा लहानपणी गेलाय का? मामा, मावसभाऊ?”

आई माझ्या शेजारी उभी होती. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या माहेराहून रातोरात आलेली. तिनं पदर तोंडाला लावला आणि पंचेचाळीस वर्षांत आमच्यासमोर एकदाही न घेतलेलं एक नाव घेतलं.

तिचा धाकटा भाऊ. आमचा मामा, जो आम्ही पाहिला नाही, ज्याचा फोटोसुद्धा नाही. बहात्तरच्या दुष्काळात तो सात वर्षांचा होता. आमची आजी, आईची आई, खडी फोडायच्या कामावर जायची, लेकरं सुकडी खाऊन दिवस काढायची. दुधाचा दात पडला आणि हिरडीतून रक्त येत राहिलं. कुणी तुरटी लावली, कुणी हळद भरली. आठ दिवस ते येत राहिलं. त्या वर्षी गावात इतकं काही मरत होतं, गुरं, झाडं, विहिरी, की एका लेकराच्या मरणाला वेगळं कारण कुणी विचारलंच नाही. दुष्काळानं नेलं, असं सगळे म्हणाले. आईला मात्र त्याची उशी आठवत होती.

तपासण्या झाल्या. रक्त साकळण्याची एक वेळ ठीक निघाली, दुसरी खूप लांबलेली. मग रक्तातला आठव्या क्रमांकाचा घटक मोजला, ज्याला सगळे फॅक्टर आठ म्हणतात. तो शंभरात एकाहूनही कमी होता. तीव्र हिमोफिलिया, ए प्रकारचा. जन्मणाऱ्या साधारण पाच हजार मुलग्यांत एकाला हा असतो. बी प्रकारात नववा फॅक्टर कमी असतो आणि तो याहून बराच विरळ.

मेहुण्यांना डॉक्टरबाईंनी समजावलं ते असं. जखम झाली की रक्तातल्या चकत्या धावत येतात आणि भोकावर एकमेकींना धरून बसतात. ते काम या मुलाचं नीट होतं. पण त्यांच्यावर जाळं विणून तो बांध पक्का करायचा असतो, आणि ते जाळं विणायला लागणारा एक दुवा याच्याकडे नाही. मेहुणे जन्मभर बागेला पाणी देत आलेले. ते म्हणाले, “म्हणजे दगड रचलेत, चिखलाचं लिंपण नाही. पाणी झिरपत राहणार.” अगदी तसंच. हिमोफिलियाच्या मुलाचं रक्त इतरांपेक्षा जोरात वाहत नाही, जास्त वेळ वाहतं. थांबल्यासारखं होतं आणि तासांनी पुन्हा सुरू होतं. या आजाराचं मोठं दुखणं सांध्यांत असतं. गुडघे, घोटे, कोपरं आतल्या आत रक्तानं भरतात आणि झिजतात. पण लहान मुलांत नाक हीसुद्धा एक दुखरी जागा. मधल्या पडद्याच्या पुढच्या टोकाला, बोट सहज पोचेल तिथं, वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या बारीक धमन्यांचा संगम आहे. अमेरिकेतले शल्यविशारद जेम्स लिटल यांनी १८७९ मध्ये त्या जागेचं वर्णन केलं, जर्मनीच्या विल्हेल्म किसेलबाख यांनी १८८४ मध्ये. दोघांचीही नावं तिला आहेत. बहुतेक लेकरांचा घोळणा तिथलाच, आणि त्यावरचं आवरण कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ.

त्या दिवशी मला सर्वांत जास्त बोचलं ते त्या फॅक्टरचं प्रमाण. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून तो एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. चिमटीत धरायला जावं तर बोटांना कळणारही नाही इतका. आयुष्यभर आम्ही मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं अशा जगात वावरलो होतो. आणि इथं चिमूटभरही नव्हे, चिमटीच्या कणाइतकं काहीतरी जन्मतःच घालायचं राहून गेलं होतं.

राहून गेलं होतं, पण कुणाकडून? गावाकडे आल्यावर हा प्रश्न ढाळजेत बसलाच. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलग्याला ते आईकडून येतं. आईजवळ अशी दोन गुणसूत्रं असल्यानं एकात दोष असला तरी दुसरं बहुधा सावरून घेतं. म्हणून ती धडधाकट दिसते आणि दोष तिच्यातून पुढं जातो. वाहक बाईच्या प्रत्येक मुलग्याला तो येण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याचीही निम्मी. हे मी आजींना सोपं करून सांगत होते. माझं सांगून व्हायच्या आधीच त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमच्याकडून आलं हे. तुमच्या माहेराहून.”

बहीण तेव्हा भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. पण परातीतल्या पिठावर दोन थेंब पडले, ते मी पाहिले.

मला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं की आपल्या भाषेला हे फार आधीपासून माहीत होतं. लेकरू मामाच्या वळणावर गेलंय, असं आपण म्हणतो. नाक मामाचं, चाल मामाची, हट्ट मामाचा. वडिलांच्या घरात वाढणाऱ्या मुलात आईच्या भावाचं काहीतरी चालत येतं, हे जात्यावरच्या बायांनी ओळखलेलं होतं. दुसऱ्या मुलखांतल्या माणसांनीही ओळखलं होतं. ज्यू लोकांच्या जुन्या धर्मग्रंथात, ताल्मुदमध्ये, असा निर्णय आहे की सुंतेनंतर रक्तस्रावानं दोन भाऊ दगावले असतील तर पुढच्याची सुंता करू नये, आणि तिथली चर्चा बहिणींच्या मुलांपर्यंतही जाते. १८०३ मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन ओटो नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की हे रक्तस्राव पुरुषांना होतात, पण पुढं नेतात त्या बायका. इंग्लंडची व्हिक्टोरिया राणीही अशीच वाहक होती. तिचा एक मुलगा लिओपोल्ड यानंच गेला, आणि नातीच्या पोटी जन्मलेला रशियाचा युवराज अलेक्सेईही हेच घेऊन आला. वळण कळणं ही एक गोष्ट. त्या वळणावर उभ्या असलेल्या बाईला दोषी धरणं ही अगदी वेगळी. आईनं काही दिलेलं नसतं. तिच्यातून काहीतरी वाहत आलेलं असतं, जसं डोळ्यांचा रंग वाहत येतो. शिवाय सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात मागं कुणालाच हा आजार नसतो. दोष तिथं नव्यानंच उगवतो.

पुढं माझीही तपासणी झाली. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे. हिमोफिलियाचं निदान, कोणती बाई वाहक आहे आणि पोटातल्या बाळाला तो आहे का, हे तिथं तपासतात. तीव्र ए प्रकाराच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांत जनुकाचा एक मोठा तुकडा उलटा बसलेला असतो, झंपराचा तुकडा उलटा शिवला जावा तसा. आमच्या घराण्यात तोच दोष निघाला. बहिणीत होता. माझ्यात नव्हता. कागद हातात आला तेव्हा पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी त्या सुटण्याची इतकी लाज वाटली की बहिणीला फोन करायला मला दोन दिवस लागले. ती एवढंच म्हणाली, “बरं झालं गं अक्का. तुझ्या लेकीला नको.”

घोळणा फुटल्यावर काय करायचं ते आम्हाला वॉर्डातल्या एका सिस्टरनं शिकवलं. लेकराला ताठ बसवायचं. डोकं मागं नाही, किंचित पुढं. नाकाचं वरचं हाड सोडायचं, खालचा मऊ भाग अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत दोन्हीकडून नीट धरायचा. तोंडानं श्वास घे म्हणायचं, घशात आलेलं गिळू नको, थुंकून टाक म्हणायचं. कापूस कोंबायचा नाही, तो काढताना धरलेली खपली सोबत घेऊन येतो. आणि पुरी दहा ते पंधरा मिनिटं सोडायचं नाही. “मधे उघडून बघायचं नाही,” सिस्टर म्हणाल्या. “सगळे तिथंच चुकतात.”

खरंच, तेच सर्वांत अवघड. दोन मिनिटं झाली की वाटतं, थांबलं असेल, बघू. चार मिनिटांनी वाटतं, चिमूट जास्त घट्ट तर नाही? आईच्या बोटांना स्वस्थ बसायची सवय नसते. बहिणीनं पहिल्या काही वेळा तिसऱ्याच मिनिटाला चिमूट सैल केली, आणि दर वेळी रेघ पुन्हा सुरू झाली.

यातून वाट काढली ती आजींनी. माहेरावरून बोलून गेल्यापासून त्या गप्प गप्पच असायच्या. एका रात्री पुन्हा घोळणा फुटला. बहीण चिमूट धरून बसलेली, डोळ्यांत पाणी, आणि लेकरू सुटायला बघत होतं. आजी दिवा घेऊन आल्या आणि विचारलं, “का सोडायचं नाही गं मधीच?” बहिणीनं सांगितलं, आत रक्त साकळत असतं, हलवलं की मोडतं. आजी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे विरजणासारखंच की. लावलं की भांडं हलवायचं नाही. हलवलं की पाणी सुटतं.” आणि त्या बाजेच्या कडेला बसल्या. नातवाची पाठ आपल्या छातीला लावली आणि मनाचे श्लोक म्हणायला लागल्या.

समर्थ रामदास आमच्याच जिल्ह्यातले. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली जन्मलेले. त्यांचे दोनशे पाच श्लोक आजींना लहानपणापासून पाठ. आजींच्या संथ लयीत दहा मिनिटांत चाळीस होतात. त्या रात्री चाळीस झाले, तरी त्या थांबल्या नाहीत. साठ म्हणून थांबल्या आणि म्हणाल्या, “आता सोड. हळूच.” बहिणीनं बोटं अलगद दूर केली. नाकाखाली एक सुकी रेघ होती, नवं काही नव्हतं. आजींनी पदरानं नातवाचं तोंड पुसलं. मग त्याच पदरानं सुनेचंही पुसलं. माफी वगैरे काही बोलल्या नाहीत. पण त्या रात्रीपासून त्या घराला चिमटीचं घड्याळ मिळालं. साधा घोळणा चाळीस श्लोकांचा, हट्टी साठ श्लोकांचा. साठांनीही थांबला नाही तर शिरेतून बाहेरून द्यायचा फॅक्टर आणि दवाखाना.

चिमटीनं नेहमीच भागतं असं नाही. नाकातोंडातल्या ओल्या जागी शरीर स्वतःच धरलेली गाठ विरघळवत असतं. ते विरघळणं रोखणारं एक औषध आहे, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. जपानच्या उताको ओकामोतो यांनी पती शोसुके यांच्यासोबत १९६२ मध्ये ते शोधलं. त्या काळात मूल सांभाळायची सोय नव्हती म्हणून उताको लेकीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करायच्या, असं त्यांच्याबद्दल सांगतात. बहिणीच्या फळीवर, मिसळणाच्या डब्यामागे, डॉक्टरांनी लिहून दिलेली ती पाकिटं असतात. ती पाहिली की मला पाठीवर लेकरू घेऊन काचेच्या नळीवर वाकलेली एक बाई दिसते.

फॅक्टरची कुपी पहिल्यांदा जवळून पाहिली तेव्हा मी कितीतरी वेळ बोलू शकले नाही. छोटीशी काचेची बाटली. तिच्या तळाशी पांढरी भुकटी, मोजून चिमूटभर. फ्रीजमध्ये ठेवायची. आमच्याकडे वीज जायची, म्हणून जालन्याहून ती थर्मासमध्ये बर्फ घालून यायची आणि मेहुणे ते थर्मास मोटारसायकलवर पोटाशी धरून आणायचे. सोबतचं पाणी तिच्यात सोडायचं आणि कुपी तळहातांत अलगद फिरवायची, हलवायची नाही, फेस आणायचा नाही. आजींनी हे पाहिलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. विरजण. मग शीर शोधायची. साडेतीन वर्षांच्या लेकराच्या हाताची शीर म्हणजे दोऱ्याएवढी. बहीण दहावी शिकलेली. आज ती नवशिक्यांना शीर कशी लागते ते दाखवते.

ही भुकटी गावापर्यंत यायला किती माणसं लागली, याचा मी पुष्कळदा विचार करते. साठीच्या दशकात अमेरिकेत जूडिथ पूल या संशोधक बाईंना दिसलं की गोठवलेला रक्तद्रव सावकाश वितळू दिला तर तळाशी एक गाळ उरतो, आणि हवा असलेला फॅक्टर त्यातच असतो. त्याआधी पिशव्याच्या पिशव्या रक्तद्रव चढवावा लागे. आपल्या देशात अशोक बहादूर वर्मा नावाचे एक इंजिनिअर, स्वतः हिमोफिलियानं सांधे गमावलेले, यांनी १९८३ मध्ये दिल्लीत रुग्णांची आणि त्यांच्या आईबापांची संघटना उभी केली, हिमोफिलिया फेडरेशन. ज्यांना उभं राहणं अवघड होतं त्यांनी सरकारी दारांत उभं राहून मागितलं, म्हणून आज आपल्या राज्यात सरकारी रुग्णालयांतून फॅक्टर मोफत मिळतो. ठाणे, नाशिक, सातारा, अमरावती इथल्या रुग्णालयांत त्यासाठी दिवसभराची केंद्रं उघडली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत हिमोफिलिया आहे. जालन्यातही २०२४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. थर्मासची वाट थोडी थोडी का होईना, आखूड होत आली आहे. शिरेऐवजी कातडीखाली, आठवड्यानं किंवा महिन्यानं द्यायचं औषध निघालं आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पाच रुग्णांना जनुकोपचार दिला, त्यांचं शरीर स्वतः फॅक्टर बनवू लागलं आणि त्यानंतर त्यांना रक्तस्राव झाला नाही, असं २०२४ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालं. मी ते बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पाचच?” आणि मग थोड्या वेळानं, “पाच तर पाच.”

घोळणा फुटलेल्या प्रत्येक लेकराला हिमोफिलिया असतो असं नाही. हजारो घोळणे नुसते उन्हाचे, सर्दीचे, बोटाचे असतात आणि चिमटीत थांबतात. पण चिमूट नीट धरूनही जो थांबत नाही, थांबून पुन्हा पुन्हा येतो, ज्या लेकराच्या अंगावर न पडता निळे डाग उठतात, दात पडल्यावर वा सुई टोचल्यावर जे नको तेवढं वाहतं, किंवा ज्याचा एखादा मामा असा अवेळी गेलेला असतो, त्याचं रक्त तपासून घ्यावं. ॲस्पिरिन देऊ नये. आणि पोर माती खायला, भिंतीचे पोपडे चाटायला लागलं तर त्याला रागवू नये. आमचं पोर एका पावसाळ्यात गेरूची भिंत चाटू लागलं होतं. थेंबाथेंबानं गेलेल्या रक्तासोबत त्याचं लोह गेलं होतं, आणि त्याची जीभ ते भिंतीत शोधत होती.

आता तो दहा वर्षांचा आहे. आठवड्यातून दोनदा फॅक्टर घेतो. नखं दर रविवारी आजी कापतात. रात्री झोपताना नाकपुडीच्या आत बोटानं व्हॅसलिनचा पातळ हात फिरतो, दिवसा मीठपाण्याचे थेंब पडतात. क्रिकेट खेळू देत नाहीत म्हणून रुसतो, मेहुण्यांसोबत बागेत दारं धरायला जातो, पाटाला भगदाड पडलं की पायानं चिखल दाबतो.

गेल्या मार्चमध्ये त्याच्या शाळेत एका मुलाचा घोळणा फुटला. धडधाकट मुलगा, नुसतं उन्हाचं निमित्त. वर्ग गोंधळला. कुणी त्याचं डोकं मागं केलं, कुणी पाण्याला धावलं, कांदा शोधायला डबेही उघडले गेले. बाईंनी नंतर बहिणीला सांगितलं ते हे. आमचं पोर बाकावरून उठलं. त्या मुलाला भिंतीशी बसवलं, त्याची मान पुढं केली आणि आपल्या दोन बोटांत त्याचं नाक धरलं. मग सगळ्यांना म्हणालं, “आता कुणी उघडून बघायचं नाही.” आणि मोठ्यानं श्लोक म्हणायला लागलं. पाच-सहा श्लोक झाल्यावर आणखी मुलं त्याच्या आवाजात आवाज मिळवू लागली, कारण आमच्याकडे ते पुष्कळांना येतात. चाळीस झाल्यावरच त्यानं बोटं उचलली.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं आजींना बोटं दाखवली. अंगठ्याच्या नखाशी वाळलेल्या रक्ताची एक बारीक रेघ होती.

“माझं नाही, आजी,” तो म्हणाला.

आजींनी ती दोन बोटं आपल्या हातात घेतली, आणि कितीतरी वेळ सोडली नाहीत.